दूरच्या यंत्राला दिलेली कमांड : स्वयंचलित चाचणीतील एसएसएच

चाचणी घेणारा प्रोग्राम एका यंत्रावर आणि ज्याची चाचणी घ्यायची ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच यंत्रावर, अशी मांडणी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आज सर्रास असते. पहिला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर कमांड चालवतो, तिचे उत्तर वाचतो, अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो आणि निकाल नोंदवतो. दोन यंत्रांमधला हा व्यवहार बहुतेक ठिकाणी 'सिक्युअर शेल' म्हणजे एसएसएच या पद्धतीने होतो. एखादी कमांड हाताने पाठवणे सोपे असते, कारण पडद्यासमोर बसलेला माणूस काय बिघडले ते पाहत असतो. रात्रभरात हजारो कमांड, समोर कुणी नसताना, पाठवायच्या आणि सकाळी प्रत्येकीचा निकाल खात्रीने सांगायचा, हे काम मात्र अवघड आहे. दूरच्या कमांडचे निकाल दोन नसून तीन असतात, हे त्यामागचे मुख्य कारण. कमांड यशस्वी झाली, कमांड अयशस्वी झाली, आणि कमांडचे काय झाले ते कळलेच नाही. हा तिसरा निकाल जी चाचणी वेगळा नोंदवत नाही, तिच्या अहवालावर विसंबता येत नाही.

खानदेशातले एक उदाहरण घेतले तर हा प्रश्न नीट दिसतो. जळगावची ओळख केळीइतकीच ठिबक सिंचनाच्या उद्योगानेही झाली आहे. समजा, जळगावातला एखादा छोटा गट ठिबक संचासाठी स्वयंचलित नियंत्रक तयार करतो. आत लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड, त्याला जोडलेले व्हॉल्व्ह, प्रवाह मोजणारे मीटर आणि ठरल्या वेळी पाणी सोडणारे सॉफ्टवेअर. रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूरच्या केळीच्या बागांत हे नियंत्रक बसण्यापूर्वी सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती तपासावी लागेल. त्यासाठी जळगावच्या प्रयोगशाळेत दहा-बारा बोर्ड टेबलावर मांडलेले, चाचण्या चालवणारा सर्व्हर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये आणि चाचण्या लिहिणारी अभियंता धुळ्यात घरी. मुंबईच्या सर्व्हरने जळगावच्या बोर्डाला सांगायचे, 'तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघड'. मग प्रवाह वाचायचा. मग 'बंद कर' म्हणायचे. कनेक्शन नेमके उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या मध्ये तुटले, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि पुढची प्रत्येक चाचणी चुकीच्या स्थितीपासून सुरू होते. सकाळच्या अहवालात चाळीस चाचण्या नापास दिसतात आणि त्यांतली एकही सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे नापास झालेली नसते.

एसएसएचचा जन्म मात्र चाचणीसाठी झाला नाही. दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या आधीच्या पद्धती, म्हणजे टेलनेट आणि आरएसएच, पासवर्डसह सगळा मजकूर जाळ्यावरून उघडा पाठवत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि त्याच वर्षी जुलैत ती सर्वांना खुली केली. फाइल पाठवण्याच्या एफटीपीचे पोर्ट २१, टेलनेटचे २३. मधले २२ मोकळे होते, ते त्यांनी मागितले आणि मिळाले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती तयार केली. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर तीच असते. एसएसएचच्या दुसऱ्या पिढीचे नियम जानेवारी २००६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झाले. एका सुरक्षित जोडणीच्या आत अनेक स्वतंत्र वाहिन्या उघडता येतात आणि प्रत्येक वाहिनीत एक कमांड चालवता येते, अशी तरतूद त्यांत आहे. स्वयंचलित चाचणी या तरतुदीवरच उभी आहे.

एक कमांड पाठवताना आत बरेच काही घडते. आधी साधी जोडणी होते. मग दोन्ही यंत्रे आपापली आवृत्ती सांगतात, गुप्तलेखनाच्या पद्धती ठरवतात आणि त्या सत्रापुरती एक किल्ली तयार करतात. एसएसएचच्या भाषेत सर्व्हर असलेला बोर्ड आपली ओळख पटवतो, मग वापरकर्ता आपली ओळख पटवतो, मग वाहिनी उघडते आणि शेवटी कमांड जाते. या सगळ्यात संदेशांच्या आठ-दहा फेऱ्या होतात. जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तारेची लांबी तेवढीच धरली तर एका फेरीला चार-पाच मिलिसेकंद पुरावेत. प्रत्यक्षात तारा वळसे घेत जातात, मध्ये अनेक उपकरणे असतात आणि शेवटचा टप्पा बऱ्याचदा मोबाइल डेटाचा असतो. एका फेरीला तीस मिलिसेकंद धरले, तर फक्त ओळखपाळख होण्यात पाव ते तीन दशांश सेकंद जातो. पाचशे कमांडसाठी प्रत्येक वेळी नवी जोडणी केली तर दोन-अडीच मिनिटे नुसती त्यातच संपतात, आणि लहान बोर्डाच्या मंद प्रोसेसरला गुप्तलेखनाच्या गणितासाठी लागणारा वेळ वेगळाच.

यावरचा उपाय ओपनएसएसएचमध्ये २००४ पासून आहे. एक मुख्य जोडणी उघडी ठेवायची आणि पुढच्या सगळ्या कमांड तिच्यातूनच पाठवायच्या. 'कंट्रोलमास्टर' या सेटिंगने हे होते. वेळ वाचतो, पण एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. मुख्य जोडणी तुटली की तिच्यातल्या सगळ्या कमांडची उत्तरे एकदम हरवतात. शिवाय एका जोडणीत एका वेळी किती वाहिन्या चालतील, यालाही मर्यादा असते. सर्व्हरवर वेगळे काही सांगितले नसेल तर ती दहा आहे. एकाच वेळी वीस चाचण्या सोडणाऱ्याला अकराव्या चाचणीपासून नकार मिळू लागतो आणि त्या 'नापास' म्हणून नोंदल्या जाऊ शकतात. ओळख न पटलेल्या जोडण्यांची संख्या वाढली तरी सर्व्हर काहींना दारातूनच परत पाठवतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएचच्या ९.८ या आवृत्तीपासून तर एकाच पत्त्यावरून पुन्हा पुन्हा जोडणी करून ओळख न पटवता निघून जाणाऱ्याला काही काळ बंदी घातली जाते. बोर्ड सुरू झाला का हे पाहण्यासाठी दर सेकंदाला पोर्ट २२ ठोठावणारी जुनी चाचणी-व्यवस्था या नियमात सहज सापडते. बोर्ड तयार असतो, पण बंदीमुळे तो बंद असल्यासारखा दिसतो. दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेणे आणि प्रत्येक प्रयत्न पूर्ण ओळख पटवून करणे, हा त्यावरचा मार्ग.

कमांड संपल्यावर परत येणाऱ्या गोष्टी तीन : नेहमीचे उत्तर, त्रुटींसाठीचा वेगळा प्रवाह आणि एक्झिट कोड नावाचा एक आकडा. शून्य म्हणजे यश, बाकी सारे अपयश, असा संकेत आहे. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. १२८ च्या पुढचे आकडे सहसा सिग्नलने मारल्या गेलेल्या प्रक्रियेचे असतात; मेमरी संपल्यामुळे लिनक्सने एखादी प्रक्रिया ठार केली की शेल १३७ दाखवते. दूरच्या कमांडचा कोड एसएसएच जसाच्या तसा परत देते आणि स्वतःची काही अडचण झाली तर २५५ देते. वरकरणी व्यवस्था स्वच्छ वाटते, पण गोंधळ या २५५ मध्येच आहे. जोडणी झालीच नाही तर २५५, मध्येच तुटली तर २५५, दूरच्या कमांडने स्वतःच २५५ परत केले तरीही २५५. दूरची प्रक्रिया सिग्नलने मेली आणि ती बातमी शेलमार्फत न येता थेट आली, तरी ओपनएसएसएच २५५ च दाखवते. 'नियंत्रकाचा प्रोग्राम कोसळला' ही गंभीर चूक आणि 'इंटरनेट गेले' ही किरकोळ अडचण या दोन्ही गोष्टी अहवालात एकाच आकड्याने येतात.

म्हणून अनुभवी गट मूळ कमांड नागडी पाठवत नाहीत. बोर्डावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवतात. ती कमांड चालवते, तिचा कोड टिपते आणि सर्वांत शेवटी ठरलेल्या खुणेसह तो कोड छापते. खूण आली, तर तिच्यातला आकडा हाच निकाल. खूण आली नाही, तर निकाल 'अनिर्णित'. एसएसएचचा स्वतःचा कोड मग फक्त पूरक माहिती उरतो. वीस-पंचवीस ओळींची ही स्क्रिप्ट अहवालाची विश्वासार्हता जितकी वाढवते, तितकी कोणतीही महागडी साधनसामग्री वाढवत नाही.

तुटलेल्या कनेक्शनचा विषय खानदेशात पुस्तकी नाही. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा रोहित्रांवरचा भार आणि वीज जाण्याचे प्रकार दोन्ही वाढतात. शेतातल्या नियंत्रकाची गोष्ट तर वेगळीच. कृषी वाहिन्यांवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. प्रयोगशाळेत लाइट गेली की बऱ्याचदा राऊटर बंद पडतो, पण इन्व्हर्टरवर असलेला बोर्ड चालूच राहतो. मुंबईच्या सर्व्हरला हे कुणीही सांगत नाही. जोडणी नीट बंद झाल्याचा संदेश न आल्यामुळे तो उत्तराची वाट पाहत बसतो. लिनक्समध्ये निष्क्रिय जोडणीची पहिली तपासणी मूळ सेटिंगनुसार दोन तासांनी होते. दोन तास एक चाचणी अडकली की तिच्यामागची रांगही अडकते. एसएसएचला 'सर्व्हर जिवंत आहे का' असे दर काही सेकंदांनी विचारायला सांगता येते. ही सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती सुरू करावी लागते. पंधरा सेकंदांचे अंतर आणि तीन अनुत्तरित प्रश्न अशी मर्यादा ठेवली, तर साधारण पाऊण मिनिटात तुटलेली जोडणी ओळखू येते.

जोडणी तुटल्याचे कळले, तरी दूरच्या कमांडचे काय झाले हा प्रश्न उरतोच. जोडणी तुटली म्हणजे कमांडही थांबली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. एसएसएचने कमांड चालवताना सहसा टर्मिनल दिलेले नसते. अशा वेळी जोडणी गेली तरी दूरच्या प्रक्रियेला तसा सिग्नल मिळत नाही. ती काही लिहायला जाईल तेव्हाच तिला वाचणारा नसल्याचे कळते. जी प्रक्रिया काही लिहितच नाही, ती तासन्‌तास चालू राहू शकते. टर्मिनलची मागणी करून कमांड चालवली तर जोडणी तुटताच सर्व्हरकडून टर्मिनल बंद होते आणि प्रक्रियेला तसा सिग्नल जातो. पण मग नेहमीचे उत्तर आणि त्रुटी एकाच प्रवाहात मिसळतात, ओळींच्या शेवटी जादा चिन्हे येतात आणि काही प्रोग्राम रंगीत अक्षरांचे संकेतही घुसडतात. चाचणीसाठी टर्मिनल मागू नये, हा जाणकारांचा सर्वसाधारण कल आहे आणि तो योग्य आहे.

त्याऐवजी वेळमर्यादा दोन्ही टोकांना लावतात. बोर्डावरची कमांड 'टाइमआउट' या लिनक्सच्या साधनाखाली चालवायची, म्हणजे ठरलेला वेळ संपताच ती तिथल्या तिथे थांबवली जाते आणि १२४ हा कोड मिळतो. मुंबईच्या बाजूला त्याहून थोडी जास्त मर्यादा ठेवायची. आतली मर्यादा आधी संपली तर दोष कमांडचा. बाहेरची संपली तर दोष जोडणीचा. दोन मर्यादांमधला फरक निदानाला उपयोगी पडतो. तासाभराची चाचणी असेल, जसे संपूर्ण पाणीपाळीचे वेळापत्रक चालवून पाहणे, तर जोडणी तेवढा वेळ टिकेल या भरवशावर राहूच नये. कमांड बोर्डावर पार्श्वभूमीत सुरू करावी, तिला एक क्रमांक द्यावा, उत्तर आणि कोड फाइलीत लिहायला सांगावे आणि दर मिनिटाला नव्या जोडणीने 'अमुक क्रमांकाचे काम संपले का' एवढेच विचारावे. मधल्या काळात दहा वेळा लाइट गेली आणि राऊटर बंद पडला, तरी काही बिघडत नाही.

कमांड पार्श्वभूमीत सुरू करताना नवख्यांना हमखास येणारी अडचण म्हणजे एसएसएच परतच येत नाही. पार्श्वभूमीतल्या प्रक्रियेने उत्तराचे प्रवाह हातात धरून ठेवलेले असतात आणि ते मोकळे होईपर्यंत वाहिनी बंद होत नाही. इनपुट, उत्तर आणि त्रुटी हे तिन्ही प्रवाह फाइलीकडे किंवा शून्य उपकरणाकडे वळवले की प्रश्न सुटतो. उलट दिशेचाही एक त्रास आहे. बोर्डांची यादी ओळीओळीने वाचून प्रत्येकावर कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच बोर्डानंतर काम थांबते. कारण एसएसएच आपल्याला मिळालेला इनपुट वाचून टाकते आणि उरलेली यादी त्यातच संपते. इनपुट बंद करण्याचा पर्याय दिला नाही, तर बारा बोर्डांपैकी एकाचीच चाचणी होते आणि अहवाल 'सर्व पास' म्हणतो. ही चूक विशेष घातक आहे, कारण ती काहीच तक्रार करत नाही.

मोठ्या उत्तरांचीही अशीच अडवणूक होते. पायथन भाषेतल्या पॅरामिको या लोकप्रिय लायब्ररीत आधी एक्झिट कोडची वाट पाहिली आणि मग उत्तर वाचले, तर दोन्ही बाजू एकमेकींसाठी खोळंबू शकतात. दूरच्या प्रक्रियेचे उत्तर ठेवायची जागा भरते, ती पुढे लिहू शकत नाही, म्हणून संपत नाही. इकडे चाचणी ती संपण्याची वाट पाहते. थोड्या उत्तराच्या कमांडवर हे कधीच दिसत नाही. कुणी लॉग वाढवला की एके रात्री अचानक दिसते. दोन्ही प्रवाह सतत वाचत राहायचे आणि कोड शेवटी विचारायचा, हा क्रम पाळावा.

कमांडचा मजकूर दूर पोहोचेपर्यंत बदलू शकतो, ही बाब मराठी वापरकर्त्यांना अधिक जाणवते. एसएसएच सगळे शब्द मधे जागा सोडून एका ओळीत जोडते आणि ती ओळ दूरच्या शेलच्या हाती देते. ते शेल तिची पुन्हा फोड करते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल, डॉलर किंवा अवतरण असेल, तर अर्थ बदलतो. 'केळी बाग' नावाचा फोल्डर पुसायला सांगितले आणि अवतरणे वाटेत गळाली, तर 'केळी' आणि 'बाग' या दोन वेगळ्या गोष्टी पुसल्या जातात. मजकूर हाताने जोडण्याऐवजी प्रोग्रामिंग भाषेतले अवतरणाचे तयार फंक्शन वापरावे. त्याहून बरे म्हणजे लांब कमांड ओळीत न लिहिता स्क्रिप्टची फाइल बोर्डावर पाठवून ती चालवावी.

भाषेच्या सेटिंगचे प्रकरणही याच जातीचे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवरचे एसएसएच आपल्या यंत्राची भाषा दूरच्या यंत्राकडे पाठवते. अभियंत्याचा संगणक मराठीत असेल आणि बोर्डावर मराठीची सोय असेल, तर तारखेत महिन्याचे नाव 'जानेवारी' असे येते आणि इंग्रजी नाव शोधणारी चाचणी नापास होते. तीच चाचणी मुंबईच्या सर्व्हरवरून पास होते. दूरच्या कमांडपुरती भाषा 'सी' या तटस्थ सेटिंगवर ठेवली की हा भेद मिटतो. वेळेचेही तसेच. डेटा सेंटरमधले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी सहाला पाणी सोडायचे वेळापत्रक तपासणारी चाचणी कोणत्या घड्याळाचे सहा धरते, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असावे. हाताने लॉगिन केल्यावर चालणारी कमांड चाचणीत 'सापडत नाही' म्हणते, याचे मूळही सेटिंगमधल्या अशाच फरकात आहे. थेट पाठवलेल्या कमांडसाठी शेल लॉगिनच्या वेळच्या सगळ्या फाइली वाचत नाही, त्यामुळे प्रोग्राम शोधण्याचे मार्ग वेगळे असतात. कमांडचा पूर्ण मार्ग लिहिणे हा साधा आणि पुरेसा उपाय.

काही चाचण्यांत जोडणी तुटणे हेच अपेक्षित असते. वीज जाऊन परत आल्यावर नियंत्रक व्हॉल्व्ह बंद करतो का, ही ठिबकसाठी फार महत्त्वाची चाचणी. त्यासाठी बोर्ड पुन्हा सुरू करावा लागतो. पुष्कळ स्क्रिप्टमध्ये 'एक मिनिट थांब' असे लिहिलेले आढळते. एक मिनिट कधी कमी पडते, कधी वाया जाते. शिवाय बोर्ड बंदच झाला नाही, तरी एका मिनिटाने तो उत्तर देतो आणि चाचणी पुढे जाते. लिनक्स प्रत्येक वेळी सुरू होताना 'बूट आयडी' नावाचा नवा यादृच्छिक क्रमांक तयार करते. आधी तो वाचून ठेवायचा, मग बोर्ड पुन्हा सुरू करायचा आणि क्रमांक बदललेला दिसेपर्यंत ठरावीक मर्यादेत विचारत राहायचे. बदललेला क्रमांक म्हणजे बोर्ड खरोखर नव्याने सुरू झाला. हाच क्रमांक प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर वाचला तर आणखी एक लाभ होतो. मध्येच वीज जाऊन बोर्ड परत सुरू झाला असेल, तर तसे कळते आणि त्या चाचणीचा निकाल आपोआप बाद करता येतो. खंडित वीज असलेल्या भागात ही तपासणी प्रत्येक चाचणीचा भाग असायला हवी.

अनिर्णित चाचणी पुन्हा चालवायची का, हे कमांडच्या स्वभावावर ठरते. 'प्रवाह किती आहे ते सांग' ही कमांड दहा वेळा विचारली तरी बिघडत नाही. 'तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघड' हीसुद्धा पुन्हा दिली तरी चालते, कारण उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. पण 'व्हॉल्व्हची स्थिती उलट कर' किंवा 'खताची मात्रा सोड' ही कमांड दोनदा गेली तर परिणाम दुप्पट किंवा उलटा होतो. चाचणीसाठी लिहिलेल्या कमांड पुन्हा दिल्या तरी चालणाऱ्या प्रकारच्या असाव्यात आणि प्रत्येक चाचणीने सुरुवातीलाच बोर्ड ठरलेल्या मूळ स्थितीत आणावा. आवराआवर शेवटी ठेवली तर तुटलेल्या जोडणीच्या रात्री ती होतच नाही.

चाचणीचा सर्व्हर म्हणजे अनेक यंत्रांच्या किल्ल्या बाळगणारे यंत्र, त्यामुळे सुरक्षेचा भाग टाळता येत नाही. समोर माणूस नसल्याने पासवर्ड विचारणे निरुपयोगी. किल्ल्यांची जोडी वापरावी लागते आणि एसएसएचला 'काही विचारू नकोस, जमत नसेल तर लगेच अपयश सांग' अशी बॅचमोडची सेटिंग द्यावी लागते. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते यंत्राच्या ओळखीकडे. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची किल्ली असते आणि ती बदलली की एसएसएच इशारा देऊन थांबते. हा इशारा चाचणीत अडथळा ठरतो म्हणून अनेक जण तपासणीच बंद करतात. मग दहा बोर्डांच्या पत्त्यांची अदलाबदल झाली तरी कळत नाही आणि एका बोर्डाची चाचणी दुसऱ्यावर चालते. बोर्ड तयार करतानाच त्याची सार्वजनिक किल्ली यादीत नोंदवणे थोडे कष्टाचे आहे, पण ते करावे. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली एक खासगी किल्ली चुकून उघड झाल्यामुळे बदलली, तेव्हा जुनी किल्ली नोंदवलेल्या स्वयंचलित व्यवस्था इशारा देऊन थांबल्या. त्यांचे थांबणे योग्यच होते.

एप्रिल २०१९ मधली मॅट्रिक्स या संदेशप्रणालीवरची घुसखोरी या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. हल्लेखोर शिरले ते जुन्या आवृत्तीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्या-तपासण्याच्या यंत्रातून. तिथे एका अभियंत्याने आपली एसएसएच ओळख पुढे नेण्याची सोय चालू ठेवली होती. तिच्या आधारे ते मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचले. चाचणीच्या किल्लीने फक्त चाचणीच्या यंत्रांत शिरता यावे, ओळख पुढे नेण्याची सोय बंद असावी आणि शक्य असेल तिथे ती किल्ली ठरलेली एकच स्क्रिप्ट चालवू शकेल असे बंधन घालावे. ही बंधने बोर्डावरच्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीत एका ओळीत लिहिता येतात.

चाचणीतल्या प्रत्येक कमांडला लागलेला वेळ नोंदवण्याचा फायदा २९ मार्च २०२४ रोजी जगाने पाहिला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड कामगिरीची मोजणी करत होते. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरही जास्त राबतो, हे त्यांच्या लक्षात आले. शोध घेता एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. काही लिनक्स प्रणालींत एसएसएचचा सर्व्हर अप्रत्यक्षपणे त्या साधनाची लायब्ररी वापरत असल्याने धोका जगभरच्या यंत्रांना होता. तो मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधीच उघड झाला, तो अर्ध्या सेकंदाचा फरक कुणीतरी मनावर घेतल्यामुळे.

तयार साधनांची उणीव नाही. नोकियात वाढलेले आणि २००८ मध्ये मुक्त झालेले रोबोट फ्रेमवर्क एसएसएचसाठी स्वतंत्र लायब्ररी देते. उत्तर, त्रुटी आणि कोड ती वेगवेगळे परत करते. २०१२ मध्ये आलेले अ‍ॅन्सिबल अनेक यंत्रे एकसारख्या स्थितीत आणण्यासाठी उत्तम आहे, प्रत्येक बारीक चाचणीसाठी मात्र ते मंद पडते. लहान गटासाठी सर्वांत उपयोगी पडते ते एकच शिस्तीचे फंक्शन. सगळ्या दूरच्या कमांड त्याच्यातूनच जातात. वेळमर्यादा, खूण, बूट आयडी, लागलेला वेळ आणि तीन प्रकारचा निकाल तेच सांभाळते. पंचवीस फाइलींत पंचवीस पद्धतींनी एसएसएच बोलावणारी चाचणी-व्यवस्था दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणे स्वस्त पडते.

हे शिकायला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. जळगाव, बांभोरी, धुळे आणि शिरपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कोणत्याही प्रयोगशाळेत एक जुना संगणक आणि एक रास्पबेरी पाय एवढ्या सामग्रीवर वर सांगितलेले सगळे करून पाहता येते. विंडोजवरही २०१८ पासून ओपनएसएसएच सोबत येते. रास्पबेरी पायवर एसएसएच २०१६ च्या अखेरीपासून मुळात बंद असते, ते सुरू करून आधी किल्ली बसवावी. विद्यार्थ्यांनी पहिली चाचणी चालली की तिच्यावर समाधान न मानता कमांड चालू असताना राऊटरची पिन काढावी आणि अहवालात काय येते ते वाचावे. 'पास' किंवा 'नापास' आले, तर चाचणी अजून पुरी झालेली नाही.